नोंदींची खतावणी

केंद्रीय लॉग सर्व्हरवरची सरमिसळ फाइल वरून खाली वाचत जाण्यात एक सुख आहे, आणि ते कुणाच्याही कामाचं नाही. ग्रंथालयातल्या स्विचचं एक पोर्ट उठलं, म्हणजे कुणीतरी येऊन संगणक चालू केला. त्याच सेकंदाला वसतिगृहाच्या वायरलेस कंट्रोलरने कळवलं, की एक फोन आपल्या टप्प्याबाहेर गेला. मग फायरवॉलच्या ओळींची सर आली: बाहेरच्या कुठल्याशा पत्त्यावरून कुणी एकामागून एक पोर्ट चाचपत होतं, प्रत्येक वेळी नकार, प्रत्येक नकाराची एक ओळ. मध्येच एका यूपीएसने सांगितलं, बॅटरीवर गेलो. थोड्या ओळींनंतर, परत लाइनवर आलो. पुन्हा फायरवॉल. यातलं कुणी कुणाशी बोलत नाही, सगळे एकाच कानात बोलतात.

मी एका ऐसपैस आवाराच्या शैक्षणिक संस्थेचं नेटवर्क सांभाळते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात संध्याकाळी माणसं पांगली की मी ही फाइल उगाच वाचत बसायची. आवार रिकामं होताना खिडकीतून दिसायच्या आधी त्या ओळींत दिसायचं. वर्गांमधली पोर्टं एकेक करून खाली जात, वसतिगृहाची वर येत. पण कुणी येऊन विचारलं, "परवा दुपारी वसतिगृहाचं नेट का गेलं होतं?" की हेच सुख अंगावर येई. परवाच्या दुपारच्या त्या अर्ध्या तासात हजारो ओळी, त्यातल्या बहुतेक फायरवॉलच्या, आणि वसतिगृहाच्या म्हणाव्यात अशा मूठभर, इथेतिथे विखुरलेल्या.

यंत्रांच्या या बोलण्याची रीत १९८० च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पडली. एरिक ऑलमन तिथे सेंडमेल हा ई-मेल पोचवणारा प्रोग्रॅम लिहीत होते. त्या प्रोग्रॅमची हकीकत कुठेतरी उतरवली जावी म्हणून सिसलॉग जन्माला आलं. आडकामासाठी केलेली वस्तू, पण जगातल्या जवळपास प्रत्येक स्विचने आणि राउटरने ती उचलली. पुढची बरीच वर्षं हे सगळं लेखी नियमावलीविना चाललं. जो तो दुसऱ्याचं पाहून करत होता. २००१ साली आरएफसी ३१६४ हा दस्तऐवज निघाला, तोही 'असं करा' म्हणणारा नव्हता. 'लोक असं करताहेत' एवढंच त्याने नमूद केलं. रीतसर नियम आले २००९ साली, आरएफसी ५४२४ मध्ये. ते लिहिणारे राइनर गेरहार्ड्स हेच आरसिसलॉग या प्रोग्रॅमचे कर्ते, आणि आमच्या सर्व्हरवर तोच चालतो. आमच्याकडची बरीच जुनी यंत्रं मात्र अजून जुन्याच वळणाने बोलतात. त्यांना नियम आल्याचं कुणी कळवलेलं नाही.

जुन्या वळणाच्या प्रत्येक निरोपाच्या आरंभी एक आकडा असतो. त्यात दोन गोष्टी दडलेल्या: विभाग आणि तीव्रता. विभागाचा क्रमांक गुणिले आठ, अधिक तीव्रतेचा क्रमांक. तीव्रता ० ते ७. शून्य म्हणजे यंत्रणाच कोसळली, सात म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यापुरती बारीकसारीक बडबड. विभाग ० ते २३, आणि ही विभागांची यादी वाचताना त्या काळची बर्कलीतली प्रयोगशाळा डोळ्यांपुढे उभी राहते. टपालाला विभाग आहे. लाइन प्रिंटरला आहे. यूजनेटच्या बातम्यांना आहे. टेलिफोनच्या तारेवरून एका संगणकातून दुसऱ्यात फायली नेणाऱ्या यूयूसीपीलाही आहे. स्विचला नाही, राउटरला नाही, फायरवॉलला नाही. पुढे येतील त्यांनी आपापलं पाहावं म्हणून १६ ते २३ हे आठ खण बिननावाचे ठेवले, लोकल झीरो ते लोकल सेव्हन. सिस्कोचे स्विच आणि राउटर, काही वेगळं सांगितलं नाही तर, सरळ लोकल सेव्हनमध्ये जाऊन बसतात. म्हणून आमच्या कच्च्या नोंदींत १८९ हा आकडा सारखा भेटे: तेवीस गुणिले आठ १८४, अधिक ५. पाच म्हणजे, नोंद घ्या, घाबरू नका.

पूर्वी लोक याच आठ खणांतून वाट काढायचे. राउटर लोकल झीरोत, स्विच लोकल वनमध्ये, फायरवॉल लोकल फोरमध्ये, आणि सर्व्हरवर खणागणिक एक फाइल. लहान कार्यालयाला एवढं पुरतं. पण त्यातून कळतं ते एवढंच की हे कुठल्या तरी स्विचचं म्हणणं आहे. कुठल्या स्विचचं, हा प्रश्न तसाच राहतो, आणि माझ्यापुढे येणारा प्रत्येक माणूस नेमका तोच प्रश्न घेऊन येतो.

आमच्या लेखा विभागात एक निवृत्तीला आलेले हिशेबनीस होते. त्यांचा संगणक अडला म्हणून मी गेले, आणि बोलता बोलता माझ्या लॅपटॉपवर ती सरमिसळ फाइल त्यांच्या नजरेस पडली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी जरा वेळ वाचली आणि म्हणाले, "ताई, ही तर रोजकीर्द झाली. खतावणी कुठाय?"

माझ्या पिढीने हे शब्द वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत परीक्षेपुरते वाचलेले. त्यांनी हयात त्यावर काढलेली. रोजकीर्दीत व्यवहार घडले त्या क्रमाने उतरतात: आत्ता याला दिले, मग त्याच्याकडून आले. दिवस कसा गेला ते कीर्द सांगते. एका माणसाचं आपल्याशी काय नातं आहे ते मात्र तिच्यातून काढता येत नाही. त्यासाठी प्रत्येकाचं खातं उघडावं लागतं आणि कीर्दीतली रक्कम त्याच्या पानावर नेऊन मांडावी लागते. पेशव्यांच्या दफ्तरात रोजकीर्दी आहेत, गावच्या वाण्याकडेही होत्या, आणि खतावणीचा कंटाळा करणाऱ्या वाण्याचं पुढे काय होई ते सांगायला नको. नोंदींच्या व्यवस्थेवर मी इंग्रजीत पुष्कळ वाचलं होतं. तितक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

खतावणी घालण्याचं तंत्र फार अवघड नाही. आरसिसलॉगला एक साचा द्यायचा: निरोप आला की पाठवणाऱ्याच्या नावाचं फोल्डर काढ, त्यात आजच्या तारखेची फाइल काढ, आणि ओळ तिथे लिही. फोल्डर नसेल तर तो स्वतः तयार करतो. साच्याखाली 'स्टॉप' असा एक शब्द घालायचा, म्हणजे तीच ओळ पुढे वाहत जाऊन सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदींत मिसळत नाही. नियम वरून खाली लागतात, त्यामुळे हा शब्द कुठे बसतो याला फार महत्त्व. पण हे सगळं एका दुपारचं काम. खरी अडचण साच्यातल्या 'पाठवणाऱ्याचं नाव' या जागेत आहे.

नाव दोन ठिकाणांहून मिळू शकतं. एक, निरोपाच्या आत पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेलं. दुसरं, ज्या पत्त्यावरून तो निरोप येऊन पोचला तो पत्ता. पहिल्यांदा वाटतं, ज्याचं नाव त्याने सांगावं, हेच सभ्य. मग सकाळी फोल्डरांची यादी उघडावी तर त्यात काही फोल्डरांची नावं नुसते आकडे, पुढे अपूर्णविराम. कारण सिस्कोची कित्येक यंत्रं आपणहून नाव सांगतच नाहीत. नावाच्या जागी निरोपाचा अनुक्रमांक टाकतात, आणि सर्व्हर भाबडेपणाने त्यालाच नाव समजतो. कुणी आपलं नाव 'स्विच' एवढंच सांगतं, कारण कारखान्यातून निघाल्यावर त्याचं बारसं कुणी केलेलं नसतं. अशी पाच बिनबारशाची यंत्रं एकाच फोल्डरात गुण्यागोविंदाने नांदतात. आणि मुद्दाम खोटं सांगणारंही कुणी असू शकतं. नावात दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ घातली तर ते नाव राहत नाही, सर्व्हरच्या भलत्याच खोलीत शिरायची वाट होते. आरसिसलॉगमध्ये अशा रेघा पुसून टाकण्याची सोय म्हणूनच ठेवलेली आहे.

तेव्हा पत्ता बरा. पण पत्ता तरी कुणाचा? आमचं एक केंद्र गावाबाहेर आहे. तिथली यंत्रं तिथल्याच एका छोट्या सर्व्हरला निरोप देतात, आणि तो ते गोळा करून इकडे धाडतो. आमच्या दारात सगळे निरोप त्याच्याच पत्त्याने येतात. सांगणारा वेगळा आणि सांगावा आणणारा वेगळा. इथे पत्त्यावर विसंबलं तर अख्खं केंद्र एका खात्यात जमा होतं. आतल्या नावावरच भरवसा ठेवावा लागतो, आणि ती नावं तिथे कुणी नीट दिली असतील तरच. राउटरची आणखी तऱ्हा. त्याला पत्ते अनेक. ज्या बाजूने निरोप बाहेर पडेल त्या बाजूचा पत्ता त्याच्यावर लागतो. रस्ता बदलला की तोच राउटर दुसऱ्या फोल्डरात बोलू लागतो, आणि रस्ता बदलतो तो नेमका काहीतरी बिघडलेलं असताना. म्हणजे ज्या घटकेची नोंद सगळ्यांत जास्त हवी असते, ती अशा फोल्डरात जाऊन बसते जिथे कुणी पाहणार नाही. याला उपाय आहे: राउटरला ठणकावून सांगायचं, की काही झालं तरी तू तुझ्या लूपबॅक पत्त्यानेच बोलायचं. लूपबॅक हा कुठल्याही तारेला न बांधलेला, राउटर जिवंत असेपर्यंत न बदलणारा पत्ता. एका ओळीची आज्ञा. ती न दिलेली नेटवर्कं मी बरीच पाहिली आहेत.

आणि पत्ता म्हणजे यंत्र नव्हेच. ग्रंथालयातला जुना स्विच विजेच्या लपंडावात गेला, त्याच्या जागी नवा आला, त्याला तोच पत्ता दिला. फोल्डर तेच राहिलं. आदल्या दिवसापर्यंत त्यात एका कंपनीची भाषा, दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या कंपनीची. मधे काही तासांची रिकामी जागा. पंखा मंदावल्याच्या, तापमान वाढल्याच्या म्हाताऱ्याच्या तक्रारी ओळीने वर आहेत, आणि त्यांच्या खाली नवा आलेला उत्साहाने आपली पोर्टं मोजून दाखवतो आहे. ते फोल्डर स्विचचं नाही, ग्रंथालयातल्या त्या कपाटाचं आहे. मला हे आवडतं. खतावणी खुर्चीची असली तरी चालते, खुर्चीवर कोण कधी बसलं हे दुसऱ्या वहीत लिहून ठेवलेलं असलं म्हणजे झालं. ती वही बहुतेक ठिकाणी नसते.

हे निरोप मुळात यूडीपीने येतात, ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर. यूडीपी म्हणजे पाठवलं आणि विसरलं. पोच नाही, पावती नाही, आणि पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिला तरी अडवणारं कुणी नाही. कुलूपबंद पाकिटाने, टीएलएसवरून पाठवायची सोय २००९ पासून लिहून ठेवलेली आहे. आमच्या जुन्या स्विचना ती येत नाही, आणि नवे घ्यायला पैसे नाहीत. असो.

वेळेचं प्रकरण वेगळंच. जुन्या वळणाच्या नोंदीत महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद असतं, साल नसतं. कुठल्या देशाची वेळ तेही नसतं. एखादा स्विच ग्रिनिचची वेळ सांगतो, शेजारचा आपली, आणि एकाच घटनेत साडेपाच तासांचं अंतर पडतं. ज्या जुन्या सिस्को यंत्रांत घड्याळाला बॅटरी नाही, ती वीज जाऊन आली की १ मार्च १९९३ च्या मध्यरात्री जागी होतात. त्या ओळीत महिन्याआधी एक तारांकन असतं. त्याचा अर्थ: ही वेळ मी सांगतो आहे खरा, पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. इतका प्रामाणिकपणा मला माणसांच्या लिहिण्यात क्वचित दिसला. पावसाळ्याच्या तोंडावर, वळवाच्या पहिल्या दणक्यात आवाराची वीज गेली आणि आली, की आमच्या जुन्या इमारतींच्या फोल्डरांत मार्च महिना उगवतो. मग घड्याळं जुळवणाऱ्या एनटीपी सर्व्हरशी गाठ पडते, तारांकन गळतं, आणि एका ओळीत तीन दशकं ओलांडली जातात. म्हणून सर्व्हरने निरोप पोचल्याची स्वतःची वेळही शेजारी लिहावी, आम्ही लिहितो. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने घड्याळं एनआयसीच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं आणि नोंदी १८० दिवस देशातच जपायला सांगितलं. त्या कागदाने आम्हांला डिस्क मिळवून दिल्या. आधी कितीदा मागितल्या होत्या.

हिशेबाच्या अंगानेच आलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. १९८६ साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाकडे संगणकाचं काम आलं. संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक लागत होता. तो शोधायला त्यांना बसवलं. तो फरक कुणा अनाहूत पाहुण्याचा होता. त्याला पकडायचं तर त्याच्या नकळत त्याचं बोलणं उतरवून घ्यायला हवं, आणि संगणकातच उतरवलं तर तो ते पुसणार. स्टोलनी इकडून तिकडून मागून आणलेले प्रिंटर आणि टर्मिनल बाहेरून येणाऱ्या तारांना जोडले. तारेगणिक वेगळा कागद. पाहुणा आला की त्याच्या तारेचाच कागद बोलू लागे, आणि तो कुठल्या वाटेने आला हे निवाड्याविना कळे. त्या वाटेने मागे जात जात शोध जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत पोचला. केंद्रीय लॉग सर्व्हरची अर्धी कल्पना त्या कागदांत आहे: नोंद जिथे घडते तिथून दूर ठेवायची. उरलेली अर्धी, जी कमी सांगितली जाते, ती म्हणजे प्रत्येक तारेचा कागद वेगळा ठेवायचा.

अभिलेखागारांना हे आधीपासून ठाऊक होतं. फ्रान्समध्ये १८४१ साली नातालिस द वायी यांच्या पुढाकाराने नियम झाला, की कागद विषयाप्रमाणे फोडायचे नाहीत. ज्या कार्यालयाचे, ज्या घराण्याचे, त्याच्याच नावाने एकत्र ठेवायचे. शेतीचे कागद एकीकडे, युद्धाचे एकीकडे, अशी वाटणी केली की प्रत्येक कागद पोरका होतो. तो कुणी, कशासाठी लिहिला हे पुन्हा जुळवता येत नाही. हल्ली मला विकायला येणारी झगझगीत साधनं नोंदी विषयाप्रमाणेच लावतात: हल्ले इकडे, बिघाड तिकडे, वर रंगीत तक्ते. तक्ते खुशाल काढावेत. पण खालच्या कच्च्या ओळी त्यांच्या धन्याच्या नावाखाली, आल्या तशा, न फोडता राहिल्या पाहिजेत. विषय उद्या बदलतील. आजचा 'किरकोळ' उद्या 'हल्ला' ठरेल.

खतावणी घातल्यावर जे दिसलं त्याची मात्र मी अपेक्षा केली नव्हती. एकेकाचा स्वभाव दिसू लागला. व्यायामशाळेजवळचा स्विच दिवसभर एकाच पोर्टबद्दल कुरकुरतो. खाली, वर, खाली, वर. तिथली तार कुणाच्या तरी खुर्चीच्या चाकाखाली येते. प्रशासकीय इमारतीतला जवळजवळ अबोल. सरमिसळ फाइलीत पहिला सगळीकडे भेटायचा आणि दुसरा आहे की नाही हेही आठवायचं नाही.

आणि मग गैरहजेरी दिसू लागली. एका प्रयोगशाळेतल्या स्विचच्या फोल्डरात आजची फाइल नव्हती. कालचीही नव्हती. प्रयोगशाळेचं नेटवर्क मात्र धडधाकट चालू. जाऊन पाहिलं तर कुण्या ठेकेदाराच्या माणसाने मांडणी बदलताना सर्व्हरचा पत्ता सांगणारी ओळ काढून टाकली होती. स्विच ठणठणीत, फक्त त्याचं तोंड बंद केलेलं. कुणी घुसखोर असता तर त्यानेही सर्वांत आधी हेच केलं असतं, आणि बाहेरून दोन्ही अगदी एकसारखं दिसलं असतं. सरमिसळ फाइलीला हे कधीच कळलं नसतं, कारण तिथे ओळींचा पूर अखंड चालूच असतो. कोण बोलतं ते ऐकू येतं, कोण गप्प झालं ते ऐकू येत नाही.

गप्प असण्याचे प्रकार असतात. तार तुटली की तार तुटल्याचा निरोप त्याच तारेने निघतो आणि कुठेच पोचत नाही. ती बातमी शेजाऱ्याच्या फोल्डरात मिळते, 'माझं अमुक पोर्ट खाली गेलं' अशा एका ओळीत. काही यंत्रं खरोखरच सुखी असतात, त्यांना सांगण्यासारखं काही नसतं. जुन्या युनिक्सच्या सिसलॉगमध्ये यावर एक तोडगा होता: दर वीस मिनिटांनी 'मार्क' एवढाच शब्द लिहायचा. काही घडलं नाही, पण मी आहे. स्विचना ही सवय नाही. म्हणून मी रात्री ठरल्या वेळी प्रत्येकावर उगाच एक लॉगिन करवते. त्याची ओळ आली की हजेरी लागते. पहाटे एक छोटा प्रोग्रॅम पत्त्यांची वही आणि आजची फोल्डरं ताडून पाहतो, आणि जे नाहीत तेवढ्यांचीच नावं मला पाठवतो.

सरमिसळ फाइल मी बंद केलेली नाही. एका बिघाडात पाच यंत्रं गुंतली की कोण आधी आणि कोण मागून हे तिथेच कळतं. कीर्दीशिवाय खतावणी तपासता येत नाही, हेही त्या हिशेबनीस काकांनीच सांगितलं होतं. मात्र ती थोडेच दिवस ठेवते, आणि खतावणी १८० दिवसांहून जास्त.

तुम्ही हे काम नव्याने हाती घेणार असाल तर आधी पत्त्यांची वही करा: कुठला पत्ता, कुठल्या खोलीतलं कपाट, सध्या त्यात कुठलं यंत्र, आणि आधी कुठलं होतं. राउटरना लूपबॅकवरून बोलायला लावा. मग साचा लिहा. आणि पहिली सूचना आपल्या फोनवर लावाल ती लाल रंगाच्या धोक्याची लावू नका, आज ज्यांचं फोल्डर उघडलंच नाही त्यांच्या यादीची लावा.